इंचाला चौदा टाके

आनंदी बेंडलला निवांत बसलेलं शांती नगरात कुणी पाहिलेलं नाही. शिलाई मशीनवर बसते तेवढंच, आणि त्यालाही बसणं म्हणायचं का, देव जाणे. एक पाय पायडलवर, दुसरा चपलेत, कुकरची शिट्टी झाली की उठायला मोकळा. बावीस वर्षं तिने भाईंदर पूर्वेच्या एका शर्टांच्या युनिटमध्ये कॉलरी लावल्या. इंचाला चौदा टाके, एक कमी नाही की एक जास्त नाही. युनिट बंद पडलं तशी तिने घरातच मशीन मांडली. ब्लाऊज, फॉल-पिको, पँटची उंची, जे येईल ते. गुहागरकडची बाई, तोंडाने फटकळ आणि हाताने चोख. माझी शिवण उसवून दाखवा, असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची, आणि खरंच कुणाची उसवली नव्हती.

पण जानेवारीपासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मुलगी सान्वी चोवीस वर्षांची, मालाडला एका ऑफिसात कामाला. तिचं लग्न आनंदीनेच जमवलं होतं. मुलगा, घर, नोकरी, सगळ्याची तीन-तीनदा चौकशी केली. सान्वी का-कू करत होती, तर काही होत नाही, मी बघितलंय ना, म्हणून तिला गप्प केलं. साखरपुडा दणक्यात झाला आणि दोन महिन्यांत कळलं, की त्या मुलाने पुण्यात आधीच संसार थाटलाय. जानेवारीतच लग्न मोडलं. सान्वी रडली नाही, भांडली नाही, फक्त तिची झोप उडाली ती उडालीच. सकाळी डोळे लाल, चेहरा ओढलेला, आणि आईशी बोलणं म्हणजे डबा दे आणि येते, बस्स. पोरगी एकदा कडकडून भांडली असती तर बरं झालं असतं, असं आनंदीला शंभरदा वाटलं.

अशात ऑक्टोबरातल्या एका रविवारी सान्वी चहा पिताना आपण होऊन बोलली. ऑफिसातल्या चौघी डोंगरात कॅम्पला चालल्यात, मीही जातेय. तंबूत नाही झोपायचं मला, दोन झाडांना बांधायची झोळी मिळते, हॅमॉक, ती ऑनलाइन मागवते. मग कपात बघत म्हणाली, "तिथे तरी झोप येईल."

आनंदीच्या हातातलं लाटणं थांबलं. मागवू नको, मी शिवते, असं तिच्या तोंडून निघून गेलं. सान्वीने हो म्हटलं नाही आणि नकोही म्हटलं नाही, पंधरा दिवसांनी निघायचंय एवढंच सांगितलं. आनंदीला तेवढं पुरलं. नऊ महिन्यांत पोरीने पहिल्यांदा आईच्या हातचं काही घ्यायची तयारी दाखवली होती. ह्या खेपेलाही आपल्या हातून फसलं तर ही पोरगी पुन्हा कधी आपल्यावर विसंबणार नाही, अशी धास्ती तिने घेतली.

दुसऱ्याच दिवशी ती रेनकोटवाल्याकडून हिरव्या पॅराशूट कापडाचा साडेतीन मीटरचा तुकडा घेऊन आली. इसमें क्या बनाओगी, असं त्याने विचारलं. लडकी सोयेगी, असं तिने सांगितलं, तर तो हसायला लागला आणि हिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मुकाट्याने कापड गुंडाळून दिलं. घरी येऊन मोबाईलवर एका परदेशी माणसाचा व्हिडिओ लावला. त्याची भाषा कळेना, पण हात कळत होते. दोन्ही टोकांना वीतभर दुमड, त्यातून दोरी, आणि दुमडीवर चांगले लांब लांब टाके. ते टाके बघून बाईंनी नाक मुरडलं. असले टाके गोणी शिवणारे मारतात. तिने आपले चौदा धरले. एक शिवण मारली, मनाला पटेना, म्हणून दुसरी मारली. भाजी फोडणीला टाकून आली आणि तिसरी मारली. तरी जीव काही थाऱ्यावर येईना. ओढून बघ, उजेडात धरून बघ, परत ओढून बघ, असं दिवसभर चाललं होतं.

आता ती टांगून बघायची कुठे? सोसायटीत पार्किंगच्या खांबांना बांधायला गेली तर सेक्रेटरी आडवा आला. मग तिला मनोरमा आठवली. मनोरमा जवळच्या मुर्धा गावची कोळीण, साठी उलटलेली, शांती नगरच्या नाक्यावर मासळी घेऊन बसते आणि ब्लाऊज आनंदीकडेच शिवते. तिच्या अंगणात एक आंबा आहे आणि एक चिंच, मधे सहा-सात पावलांचं अंतर. बुधवारी आनंदी बस पकडून मुर्ध्याला पोचली.

झोळी बांधली, दिसायलाही ठाकठीक दिसत होती. वजनाला दुसरं कोण, आनंदी स्वतःच चढली. जन्मात भर दुपारी आडवं होणं ठाऊक नाही, त्यामुळे नीट पडणंही जमेना. एकदा ह्या कुशीवर, एकदा त्या कुशीवर, पदर सावर, पाय सावर. तेवढ्यात डोक्याकडून चर्रर्र असा आवाज आला आणि बाई धाडकन जमिनीवर. कोपर सोललं, कंबर सणकली. मनोरमा डोळ्याला पाणी येईपर्यंत हसली आणि मग हळदीचा डबा घेऊन आली.

आनंदीचं लक्ष कोपराकडे नव्हतंच. ती फाटलेलं टोक बोटांनी चाचपत होती. धागा शाबूत होता, एक टाका उसवला नव्हता. कापडच फाटलं होतं, नेमकं शिवणीच्या रेघेवरून, वहीचं पान भोकांच्या ओळीवरून फाटावं तसं सरळ. एवढे जवळ जवळ टाके, त्यात तीन ओळी. सुईने कापडाची चाळण करून टाकली होती. तिचं तिलाच कळलं. मजबूत व्हावं म्हणून जे जे केलं त्यानेच फाटलं. स्थळ बघताना केलेल्या तीन-तीन चौकशा तिच्या डोळ्यांपुढे आल्या आणि ती तिथेच, मनोरमाच्या अंगणात, मातीत बसून हमसाहमशी रडली.

मनोरमाने तिला रडू दिलं. मग फाटकं टोक हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि विचारलं, "पोरीला झोलीत न्हाय झोपवलीस कधी? त्या झोलीला काय मशीन मारलेलीस?"

आनंदीचं रडणं जागच्या जागी थांबलं. सान्वी सव्वा वर्षाची होईपर्यंत माळ्याच्या कडीला टांगलेल्या साडीत झोपली होती, आणि त्या साडीला गाठीशिवाय काही नव्हतं. कापडाच्या चुण्या करून दोरीने आवळायचं, वजन पडेल तशी गाठ आणखी घट्ट होते. हे तिला माहीत नव्हतं थोडंच! पण बावीस वर्षं मशीनवर बसलेली बाई, गाठीवर भरवसा ठेवणं तिला गावठीपणा वाटला होता.

दोघींनी मिळून फाटकं टोक कापलं, दुसऱ्या टोकाचीही शिवण कापून टाकली. कापड थोडं आखूड झालं, पण सान्वीला पुरणारं होतं. दोन्ही टोकांच्या चुण्या मुठीत धरल्या, उलट्या दुमडल्या आणि मनोरमाने घरातली जाळ्याची दोरी त्यावर करकचून आवळली. आधी रेतीच्या दोन गोण्या ठेवल्या, मग मनोरमा स्वतः बसली आणि पान लावत अर्धा तास बसून राहिली. काही झालं नाही.

रविवारी आनंदी सान्वीला मुर्ध्याला घेऊन आली. बसमध्ये एकच विचार चालला होता. पडल्याचं सांगावं की न सांगावं? झोळी बघून सान्वीने आधी शिवण शोधली, ती सापडली नाही तेव्हा आईकडे पाहिलं.

"पहिली फाटली," आनंदी म्हणाली. "मी पडले. चूक माझीच होती, सगळी."

सान्वीने आईच्या कोपरावरची खपली पाहिली. मग चपला काढल्या, हळूच आत बसली, पाय वर घेतले.

"आता नाही ना पडणार मी?"

नाही म्हणायला आनंदीचं तोंड उघडलं होतं. पण काही होत नाही, मी बघितलंय, हे तिचं मागे एकदा सांगून झालं होतं. डोक्याकडच्या गाठीवर दोन्ही हात ठेवून ती उभी राहिली. "मी इथेच आहे," एवढंच म्हणाली.

सान्वी थोडा वेळ वर फांद्यांकडे बघत राहिली. मग तिने एक हात लांबवला, आईच्या साडीचं टोक बोटांत धरलं, आणि बघता बघता झोपली. तोंड जरासं उघडं, श्वास संथ. अकरा वाजले, बारा वाजले. अंगणात मासळी वाळत होती, माश्या घोंघावत होत्या, बाहेरून बाईकी जात होत्या, पण पोरगी हलली नाही. आनंदीचे पाय भरून आले, गालावरून पाणी ओघळत होतं ते पुसायलाही तिने हात काढला नाही.

मनोरमा दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, गाठ पक्की हाय, ती काय सुटत न्हाय, तू बस आता.

"माहितीये," आनंदी म्हणाली आणि तशीच उभी राहिली.