भुईची तार

चैत लागला तरी लोणावळ्यात सकाळी घाटाकडनं गार वारं येत होतं. गफूरचाचाच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानाच्या ओट्यावर बसून नथू बॅटऱ्यांवर धरलेली पांढरी बुरशी सोड्याच्या पाण्यानं धूत होता. कान्हे गावच्या भातकऱ्याचं हे अठरा वर्षांचं पोरगं तीन महिने हेच करत आलेलं. तेजाब उडून उडून धोतराची चाळण झाली होती. रेडिओच्या पोटात हात घालायला मिळायचा तो फक्त गिऱ्हाईक नसताना, तेही चाचा शेजारी बसून.

"भाजे गावच्या चावडीतला सरकारी रेडिओ मुका झालाय," चाचा म्हणाला. "माझा गुडघा तिथवर चालायचा नाही. तू जा. बोलता केलास तर मळवलीकडची सगळी गावं तुझी. नाही जमलं, तर बापाबरोबर नांगर धर. बॅटऱ्या धुवायला मला कुणीही मिळेल."

मळवलीला गाडीतनं उतरून, भरलेली बॅटरी चुंबळीवर घेऊन नथू भाज्याला पोचला. चावडीवर पाचसहा जण बोलत बसले होते. तो पायरी चढला आणि बोलणं थांबलं.

"कुटला म्हनायचा?" दत्तोबानं विचारलं. म्हातारा खांबाला टेकून होता.

"कान्ह्याचा, आबा. रेडिओ बघाया आलोय."

"कान्ह्याला माजी नणंद दिलीया," पाण्याचा हंडा घेऊन चाललेली सरुबाई वाटेतच थांबली. "इचारते तिला, असं कुनी पोर हाय का गावात."

"इचारा की, मावशी. माज्या आईचं तिच्याशी भांडान हाय, लगीच वळखंल."



नथूनं बॅटरी जोडली आणि चाचानं शिकवल्याप्रमाणं एरियलच्या स्क्रूवर ओलं बोट टेकलं. आतनं गुरगुर झाली. म्हणजे रेडिओ जिवंत होता, खोट बाहेर होती. कौलावरची एरियल धड होती. मग त्यानं भिंतीवरनं जमिनीत उतरलेली भुईची तार ओढली, तर ती अलगद हातात आली. टोक विळ्यानं कापलेलं.

"हितला खड्डा कुनी उकारला?"

"म्या," सरुबाई म्हणाली. हंडा तिनं खाली ठेवला. "डबा बसवनाऱ्यांनी पुरल्यालं मीठ, कोळसं आन तांब्याचा पत्रा. वर पुन्यांदा घडाघडा पानी वतायचं. आसली करनी भुईत कोन पुरतं, आमाला कळत न्हाई व्हय?"

नथूला हसू आलं नाही. पहिल्या आठवड्यात चाचानं त्याला मीठ-कोळसा आणायला धाडलं, तेव्हा तोही दोन दिवस आजारपणाचं निमित्त करून घरी बसला होता. तार ओल्या भुईत असली तरच आवाज धरतो, मिठानं ओल टिकते, हे त्याला मागनं पटलं. त्यानं ते सांगितलंही. 

"आन माजा महिपती?" दत्तोबा म्हणाला. "चळवळीत सरकारी तारा तोडल्या म्हनून पोलीस हुडकत हुते. पोरगं गवताच्या गंजीत हाय, हे ह्या चावडीत बोलनं झालं. निस्तं हितंच. चवथ्या दिशी पोलीस आलं ते सरळ गंजीपाशी. हा डबा तवा हितं बसून आठवडाच झालेला."

"आबा, हा निस्ता बोलतो. ह्याला ऐकू येत न्हाई."

"निस्तं बोलतंय आन ऐकत न्हाई, म्हंजे सरकारच की," मागनं कुणीतरी म्हणालं.

दत्तोबा नथूकडंच बघत होता. "ह्यानं न्हाई सांगितलं, तर मंग कुनी सांगितलं?"

नथू उत्तर द्यायला गेला आणि त्याची नजर बसलेल्यांवरनं फिरली. त्या दिवशी चावडीत जे होते तेच आजही बसले होते. एकानं तंबाखू मळायची थांबवली. दुसरा उगाच खोकला. सरुबाईनं हंडा उचलला, पण गेली नाही.

"चल, भुईला वताया पानी आनू," म्हणत दत्तोबा उठला.

विहिरीवर कुणी नव्हतं. म्हाताऱ्यानं पोहरा सोडला. "पोरा, मला पयल्यापासनं ठावं हाय, लाकडाला कान नसत्यात. पर डब्यानं सांगितलं म्हन्ल्यावर गाव एका पंगतीला जेवतंय. मानसानं सांगितलं म्हन्लं, तर उद्या एकमेकाच्या घरात घुसतील, डोकी फुटतील. महिपती सुटून आला की त्योच पयला कोयता घिल."

"मग मी काय करू?"

"रेडिओ चालू कर. पर त्याला ऐकू येतंय, आसंच म्हन."

नथूला चाचाचं नांगराचं बोलणं आठवलं. "आन पत्रा?"

"माज्या घरात हाय. तांबं कोन फेकतंय?"

नथूनं पत्र्याला तार जोडून तो खड्ड्यात उभा केला. मीठ सरुबाईकडनं घेतलं, कोळसा तिच्याच चुलीतला. तिच्याच हातानं खड्ड्यात टाकायला लावला, म्हणजे पुढं बोलायला जागा नको. वर दोन घागरी पाणी ओतलं. मुंबईहून दुपारची बाजारभावाची वेळ होती. तांदळाचा दर चावडीभर खणखणीत ऐकू आला. एवढं होऊनही कुणी पुढं सरकलं नाही.

"आमचं बोलनं जातं का ह्यातनं?" मघाशी तंबाखू मळणाऱ्यानं विचारलं.

नथूनं आधी दत्तोबाकडं पाहिलं. मग म्हणाला, "जात हुतं. आता ती ऐकायची तार काढून टाकलीया. तरी गावकीचं बोलताना वर घोंगडं टाकत जा."

तंबाखूवाल्यानं सुस्कारा टाकला. तो जरा मोठाच होता. नथूनं तो ऐकला, दत्तोबानंही ऐकला, आणि दोघांनी दोन दिशांना पाहिलं.

पुढं अकरा वर्षं नथूनं मळवलीकडची गावं सांभाळली. भाज्याला गेला की घोंगडं बाजूला करून काम करी, जाताना परत घाली, आणि त्या माणसाच्या हातची तंबाखू कधी घेत नसे.

त्या दिवशी तो दुकानी परतला, तेव्हा चाचा पाय पसरून बसला होता. "काय होतं रे?"

"भुई सुकली होती, चाचा."

चाचानं त्याच्या चिखलानं भरलेल्या हातांकडं पाहिलं आणि पाण्याची बादली पुढं सरकवली. नथूनं हात धुतले, बॅटऱ्या तशाच ठेवून कोपऱ्यातलं तारेचं भेंडोळं पुढ्यात ओढलं आणि चाकूनं तारेवरचं रबर सोलायला बसला.