ठेचा गुहेत आहे

आमच्या मोठ्या साडूंना या जगात आधी झाकण दिसतं, मग वस्तू. कुणाच्या घरी गेलं की आपण पंखा कुठे आहे ते बघतो. हे उघडं काय आहे ते बघतात. खापरखेड्याच्या वीजकेंद्रातून फिटर म्हणून निवृत्त होऊन ते नागपुरात आमच्या गल्लीत राहायला आले आणि दिसेल त्या माशांच्या नि कासवांच्या टाकीला झाकण करून देऊ लागले. कुणी मागितलं नव्हतं, पण तो मुद्दा गौण. शेजारच्या वकीलसाहेबांच्या कासवाला त्यांनी संत्र्याच्या पेटीच्या फळ्यांचं, खिडकीवालं झाकण केलं. वकीलसाहेब म्हणाले, "अहो, कासव उडी मारत नाही." साडू शांतपणे म्हणाले, "हे कासवाले माहीत आहे का?" वकीलसाहेबांनी झाकण ठेवून घेतलं.

कूलरची गंजकी जाळी मी एकदा फाटकाबाहेर ठेवली, तर तासाभरात ती घेऊन हे दारात हजर. "काहून गा, झाकण फेकून राहिला?" इतवारीच्या भांडेबाजारात तर दुकानदार त्यांना बघून आत वळतात, कारण हे नुसतं झाकण मागतात, गंज-पातेलं तुझ्याजवळच ठेव म्हणतात. झाकणाखालची सजावटही घरचीच. थर्माकोल कोरून, त्यावर सिमेंट थापून बुरूज, पूल, गुहा करायच्या आणि कच्च्या सिमेंटनं पाणी बिघडू नये म्हणून तीन आठवडे रोज पाणी बदलत बादलीत भिजवायच्या. आंघोळीची बादली अशी किल्ल्याला गेल्यावर आमच्या मेहुणीबाई नळाखाली तांब्या धरून आंघोळ उरकतात.

हे सगळं वेड सुरू झालं ते त्यांच्या मुलीच्या माशापायी. ती नोकरीसाठी पुण्याला गेली आणि आपला लालभडक फायटर मासा वडिलांच्या हवाली करून गेली. त्याचं नाव ठेचा. फायटर एकटाच ठेवावा लागतो, म्हणून टाकीत तो एकटाच. एरवी मुलीशी "जेवली का?" याच्यापुढे न जाणारा हा माणूस दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ठेच्याबद्दल पाऊण तास बोलायचा. ठेचा रुसला, ठेच्यानं बुरूज बघितला, ठेच्याला पूल आवडला नाही. मुलगी हसायची आणि यांचा चेहरा उजळायचा.

यंदा जूनपासून मात्र गुहा फार वाढल्या. एका माशाला नऊ गुहा कशाला, हे कोडं मला काही सुटेना. फोनवर मुलीनं ठेचा दाखवा म्हटलं की हे सांगत, "आत गुहेत आहे तो." एका रविवारी हे चहाला उठले आणि मी टॉर्च लावून नऊच्या नऊ गुहा तपासल्या. सगळ्या रिकाम्या. मागे बघतो तर साडू कपबशी घेऊन उभे.

"मे महिन्यात लय तापलं होतं गा," ते म्हणाले. "त्याले हवा लागावी म्हणून मीच झाकण सरकवलं आन् कूलर लावला. उडी मारली त्यानं, कूलरच्या मागं सापडला." मग कपबशी माझ्या हातात देत, "तिले सांगू नको." गावभर झाकणं वाटणाऱ्या माणसानं एकदाच झाकण उघडं ठेवलं होतं. मला फार वाईट वाटलं.

दिवाळीला मुलगी आली. खांद्यावरची बॅगही न उतरवता थेट टाकीपाशी गेली. साडूंनी घाईघाईनं गुहांची माहिती सुरू केली. तिनं झाकण उचललं, वाकून एकेक गुहा बघितली.

"झोपून राहिला तो, बाबा," ती हळूच म्हणाली. "उठवू नका त्याले. आता रविवारी मले सांगा, दहावी गुहा कशी करून राहिले ते."

साडूंनी तिच्या खांद्यावरची बॅग उतरवून घेतली. शेवटी त्यांना एवढंच सुचलं, "जेवली का?"

"नाही ना बाबा. भूक लागली."

दोघं आत गेली. झाकण तसंच उघडं राहिलं होतं. आत कोणी नव्हतं, तरी मी ते हळूच लावलं.