पाठीमागं नेलेले हात

शेजाऱ्यांनी घराच्या सफेदीसाठी कळीचा चुना भिजत घातला, पिंप फसफसलं आणि त्या गरम वासासरशी मला वडील आठवले. तेर गावाजवळच्या चुनाभट्टीवर ते पोती भरायचे. एका संध्याकाळी अंगणात पडून माझा गुडघा फुटला आणि ते येताना दिसताच मी रडत धावले. भुवयांपर्यंत पांढऱ्या झालेल्या वडिलांनी दोन्ही हात पाठीमागं नेले. “लांब थांब माय, तुझे गाल ओले हायेत. ओल्या कातडीला ही भुकटी भाजती.” मी आणखीच मोठ्यानं रडले. त्यांनी कोरड्या फडक्यानं अंग झटकलं, घाईघाईनं आंघोळ केली आणि निथळत्या केसांनीच मला उचललं. तोवर माझे डोळे केव्हाच कोरडे झाले होते, तरी त्यांनी ते पुसले. आता माझी लेक रडली, की मी आधी माझे तळवे बघते.