बारा मिनिटांचा लोड

ऐरोलीत सेक्टर आठमध्ये 'पायलटकाका' कुठे राहतात म्हणून विचारा, रिक्षावाला थेट जिन्यापाशी आणून सोडेल. आता या पायलटाने खऱ्या विमानात जन्मात पाऊल ठेवलेलं नाही, ती गोष्ट वेगळी. नंदकुमार दिवेकरने पस्तीस वर्षं रबाळ्याच्या कारखान्यात पंप जोडले आणि निवृत्त झाल्यावर विमान उडवायला घेतलं. कंप्युटरवर. हातात जॉयस्टिक, कानाला हेडफोन, अंगात गंजीफ्रॉक. "गणवेश बघून घ्या साहेबांचा," असं बायको स्मिता शेजारणींना सांगायची, आणि ती बातमी संध्याकाळपर्यंत वॉचमनलाही पाठ असायची.

दोन वर्षांपूर्वी स्मिताचं हृदय दुबळं झालं. अर्ध्या तासावर बसवेना, धाप लागे. माहेर मुरुडचं, पण तिथवरचा प्रवास डॉक्टरांनी बंद केला. नंदकुमारने मनाशी घेतलं, हिला पडद्यावर मुरुड आकाशातून दाखवायचं. उलव्याच्या नव्या विमानतळावरून उडायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्याने वीस मिनिटांत जंजिऱ्यावर.

पण कंप्युटर म्हातारा. विमान सुरू व्हायला बारा मिनिटं घ्यायचा. नंदकुमारने बटण दाबलं की स्मिता भिंत धरत यायची आणि दिवाणावर लोडाला टेकून बसायची.

"आलं का विमान?"

"लोड होतंय."

"त्यालाही लोड लागतो होय टेकायला? माझ्यासारखंच थकलंय बिचारं."

मग बारा मिनिटं नंदकुमार तिला सोसायटीच्या भानगडी पुरवायचा. सेक्रेटरी सुधीरने केस काळे केले ते कोणासाठी, तिसऱ्या मजल्यावरची रंजिता सासूला पाहून लिफ्टचं दार कसं लावते. स्मिता हसून हसून खोकायची. मग पडद्यावर धावपट्टी यायची, नंदकुमार "शू!" करायचा आणि हेडफोन चढवायचा. अलिबाग मागे पडेतो स्मिता आडवी झालेली असायची. मुरुड राहूनच जायचं.

"अगं, विमान सुरू झालं की हाक मारतो ना. आधीपासून कशाला बसतेस?"

"बोर्डिंग चुकेल माझं," म्हणायची आणि यायचीच. आजारपणात माणूस हट्टी होतं, असं म्हणून नंदकुमारने सोडून दिलं.

शेवटी त्याने कंप्युटरवाल्या दिपेशला बोलावलं. दिपेश म्हणाला, "काका, ही जुनी हार्डडिस्क आहे, हिच्यात चकती फिरते. एसएसडी टाकू. विमान चाळीस सेकंदात उभं. तुमी लोड घेऊ नका." जुनी डिस्क त्याने पिशवीत घालून खणात ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी स्मिता लोडाला टेकते न टेकते तोच धावपट्टी हजर.

"झालं? इतक्यात?"

"बघ कसा पळतोय! आता शू!"

त्या दिवशी विमान मुरुडला पोचलं. समुद्रात जंजिरा, काठाला नारळीची हिरवी रेघ. नंदकुमार मागे न वळता ओरडला, "दिसलं का गं?"

"दिसलं. छान आहे."

दुसऱ्या दिवसापासून ती बाहेर आली नाही. "तुमी जाऊन या," आतूनच म्हणायची. नंदकुमारला वाटलं, इच्छा पुरी झाली, समाधान पावली. गडी खुशीत एकटाच गोव्यापर्यंत जाऊन आला. तीन आठवड्यांनी स्मिता गेली. झोपेतच.

तेराव्याला शेजारची गीतांजली भांडी आवरत होती. नंदकुमार तिला म्हणाला, "मुरुड तेवढं दाखवलं तिला. तेवढं एक झालं हातून."

गीतांजली घुटमळली. मग म्हणाली, "काका, काकूंना मुरुडचं काही नव्हतं हो. मला म्हणायच्या, विमान सुटलं की हा माणूस गेला. लोड होत असतं तोवर माझा. ती नवी डिस्क बसली त्या दिवशी म्हणाल्या, 'गीते, माझी बारा मिनिटं गेली बघ.'"

नंदकुमारने हातातलं पातेलं पुसलं. पुन्हा पुसलं. कोरडंच होतं.

दिपेशला त्याने फोन करून बोलावलं. "जुनी डिस्क लाव."

"काका, उलटं कोण करतं? सगळी दुनिया फास्ट मागते."

"लाव रे बाबा."

दिपेशने लावून दिली आणि तो गेला. नंदकुमारने बटण दाबलं आणि खुर्ची फिरवून दिवाणाकडे तोंड केलं. लोड होता तसाच, मधे दबलेला.

"अगं, ऐकलंस का," तो म्हणाला, "सुधीरचे केस परत पांढरे झाले. आणि रंजिताची सासू आता जिन्यानेच..."

खाकरून त्याने पुन्हा सुरुवात केली. रंजिताची सासू अजून दुसऱ्या मजल्यावरच होती, तेवढ्यात पाठीमागे पंखा घरघरला. बारा मिनिटं भरली होती. धावपट्टीवर विमान सज्ज उभं होतं.

नंदकुमारने हेडफोनला हात लावला नाही. कंप्युटर बंद केला आणि पुन्हा चालू केला.

"तर काय सांगत होतो," तो लोडाला म्हणाला, "सासू जिन्यात..."