शेवंता पाणी प्यायली

"मावशी, तो ग्लास ठेवा. तुमचा मोरीच्या खिडकीत आहे."

साहेब सातपूरच्या ऑफिसात टेबलावरच्या माइकमध्ये बोलले. आवाज निघाला गंगापूर रोडवर, त्यांच्या बंगल्याच्या स्वयंपाकघरात. तिथली भांडीवाली बाई ऑफिसच्या पडद्यावर दिसत होती. ती दचकली. पदर डोक्यावर ओढून छताकडं बघायला लागली. ऑफिसात बसलेले मुंबईचे पाहुणे हसले.

ती बाई माझी बायको. शेवंता. मी त्या ऑफिसात शिपाई. चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभा.

तेव्हा ब्रॉडबँड नवीन होतं. साहेब कंपन्यांना सल्ला द्यायचे. सगळ्या मशिनी नेटला जोडा, मालकानं खुर्चीतून कारखाना बघावा. नमुना म्हणून स्वतःच्या घरात कॅमेरा, माइक नि स्पीकर बसवला होता. शेवंताला कुणी सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

आम्ही बौद्ध. बंगल्यात जातीचं नाव कुणी काढायचं नाही. मॅडम हसून बोलायच्या, जुनी साडी द्यायच्या. फक्त शेवंताचा ग्लास वेगळा. मे महिन्याचं ऊन. तिला तहान लागली, हाताशी आला तो ग्लास भरला. एवढंच.

"बघा, चोर घरी, पोलीस ऑफिसात!" साहेब पाहुण्यांना म्हणाले.

शेवंता ग्लास खाली ठेवायला लागली. मी ट्रे ठेवला. माइक ओढला.

"शेवंता, पाणी पी."

"अगं बया! अहो, तुम्ही कुठनं बोलताय?"

"ऑफिसातनं. सगळे बघत्यात. बघू दे. पी तू."

तिनं पदर मागं सारला. उभ्यानं, सावकाश, सगळा ग्लास प्यायली. मग घासून रॅकवर ठेवला. त्यांच्याच ग्लासांत. आता कुणी हसलं नाही.

"उद्यापासून येऊ नकोस. तिलाही पाठवू नकोस," साहेब म्हणाले.

"उद्या कशाला? आत्ताच निघतो."

घरी शेवंता रडली. काम गेलं म्हणून नाही. "किती दिवस बघत असतील हो मला?" एवढंच विचारत राहिली. पुढं कुणाच्याही घरी कामाला गेली की आधी छताकडं बघायची. दवाखान्यात, शेवटी, खाटेवर पडल्या पडल्यासुद्धा. गेली तेव्हा डोळे वरच होते. मीच मिटले.

साहेब मोठे झाले. कॉलेजात भाषणं देतात. शेजारची पोरगी ऐकून आली. म्हणाली, "बाबा, ते भांडीवालीचा किस्सा सांगतात. अडाणी बाई, स्पीकरला भूत समजली म्हणे. सगळा हॉल हसतो."

ग्लासाचं सांगत नाहीत. ती प्यायली ते सांगत नाहीत.

मी चौथी शिकलेला. भाषण मला जमत नाय. पण पुढल्या महिन्यात साहेब तिच्या कॉलेजात परत यायचेत. मी पुढं बसणार. किस्सा निघाला की उभा राहणार. म्हणणार, ती भांडीवाली शेवंता. माझी बायको. भूतबित काही नव्हतं, साहेब. तुम्ही होता. तुमच्या नाकावर टिच्चून ती पाणी प्यायली.

बाहेर काढलं तर फाटकात उभा राहून सांगीन. साहेब जिथं जातील तिथं जाईन. शेवंता गेली. तिच्यावर हसणं मी चालू देणार नाय.