गुणून बघा

वर्ग त्रिपदीचे अवयव पाडणं म्हणजे बाईंच्या डाव्या हातचा मळ. घराच्या पुढच्या खोलीत त्या संध्याकाळी क्लास घेत. मधलं पद फोडून दाखवायची हौस इतकी दांडगी, की मुलांनी त्यांचं नावच ठेवलं होतं, फोडाफोडीच्या बाई. बाईंना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. त्यांचा कायदा एकच. अवयव मिळाले म्हणून कुणी शेफारायचं नाही; कंसांचा उलटा गुणाकार करून मूळचं गणित परत आलं, तरच ते उत्तर. "गुणून बघा!" असं त्या इतक्यांदा ओरडत, की शेजारच्या शिंप्यालाही ते पाठ झालं होतं.

हल्ली मात्र घोडं अडायला लागलं होतं. अवयव पाडायचे तर दोन आकडे असे शोधायचे, की त्यांची बेरीज मधल्या पदाशी जुळेल आणि गुणाकार शेवटच्या पदाशी. दोन्ही अटी एकदम डोक्यात धराव्या लागतात. बाईंना आता एकच धरता येई. बेरीज धरली की गुणाकार निसटे. घरातही तेच. दार उघडायला गेल्या, की गॅसवरचं दूध गेलंच म्हणून समजा. एकदा पातेलं जळून काळंठिक्कर पडलं, आणि नेमकी तेव्हाच लेक दारात उभी!

क्लास बंद कर आणि माझ्याकडे राहायला ये, असा लेकीने धोशा लावला. शेवटी म्हणाली, "आई, भांडण नको. मी एक दिवस मागे बसून बघते. जमत असेल तर चालू दे." बाई हो म्हणाल्या खऱ्या. क्लास गेला तर आपल्यात उरतं काय?

पण बाई काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. त्या दिवशी त्यांनी जुनी, तोंडपाठ गणितंच काढली आणि उत्तरं झरझर लिहिली. गुणून बघायला मात्र सांगितलं नाही. आज म्हणे वेळ कमी होता! गेले कित्येक दिवस त्या अशीच वेळ मारून नेत होत्या. मागच्या बाकावर लेकीचा चेहरा जरा सैल झाला. तिथेच थांबल्या असत्या तर निभावलं असतं. पण आनंद झाला की माणसाला कुठे गप्प बसवतं?

"तूच सांग गं एखादं," त्या लेकीला म्हणाल्या.

"एक्सचा वर्ग, वजा दोन एक्स, वजा पंधरा."

वजा दोन, वजा दोन, असं पुटपुटत बाईंनी कंस लिहिले. एक्स वजा सात. एक्स अधिक पाच. बेरीज झाली वजा दोन.

"आलं लक्षात?"

"आलं, बाई," मुलं एका सुरात म्हणाली.

लेक उभी राहिली. तीही याच खोलीत शिकलेली. "बाई, गुणून बघायचं?" क्लासमध्ये ती आईला लहानपणापासून बाईच म्हणे.

स्वतःचाच कायदा, नाही कसं म्हणणार? बाईंनी गुणाकार केला. शेवटी आले वजा पस्तीस. वर मात्र वजा पंधरा.

"चुकलं," त्या म्हणाल्या. "कुणाला दिसलं होतं?"

मग पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला, आणि हळूहळू सगळ्यांनीच.

"कधीपासून दिसतंय?"

"खूप दिवस झाले, बाई." मुलीला रडू फुटलं. "तुम्ही गुणायला सांगत नाही ना आता, म्हणून आम्ही बाहेर जिन्यात बसून गुणून बघतो. तिथेच सुधारतो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

बाईंना आयुष्यात एवढी लाज वाटली नव्हती, आणि पोरांचा एवढा अभिमानही. या दोन गोष्टी मात्र मेल्या एकदम धरता आल्या!

त्यांनी खडू लेकीच्या हातात दिला आणि मागे तिच्या जागेवर जाऊन बसल्या. लेकीने फळा पुसून नवे कंस लिहिले. एक्स वजा पाच, एक्स अधिक तीन.

"बरोबर आहे ना, आई?"

बाई फळ्याकडे बघत राहिल्या. बरोबर होतं की नाही, त्यांना खरंच कळेना.

"मला काय विचारतेस?" त्या म्हणाल्या. "गुणून बघ."