राजपुत्राच्या पाठीला माती

शिरूरच्या मिशनच्या शाळेत मी नुकतीच शिकवायला लागले होते. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई युरोपातल्या एका लहानशा, थंड देशातून आलेल्या. एके सकाळी त्या वर्गाच्या दारात येऊन म्हणाल्या, "उद्या माझ्याबरोबर दौंडला चल. आमच्या राजाचा धाकटा मुलगा तुमचा देश बघायला येतोय. महिनाभर आपल्याकडे राहील. त्याला मराठी येत नाही, आणि मला दवाखाना टाकून त्याच्यामागे हिंडता येणार नाही."

माझं इंग्रजी बरं होतं, म्हणून दुभाष्याचं काम माझ्याकडे आलं. आईनं तिची लग्नातली साडी काढून दिली.

दौंडला गाडी थांबली तेव्हा आम्ही दोघी पहिल्या वर्गाच्या डब्यापाशी उभ्या होतो. तो उतरला पार शेवटच्या, तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून. उन्हानं नाक सोललेलं, खांद्याला पिशवी, हातात अर्धा खाल्लेला पेरू.

"हाच?" मी हळूच विचारलं.

"हाच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी ओळखते ना त्याला, लहानपणापासून असाच आहे."

शिरूरला आल्यावर पहिले दोन दिवस लोक त्याला लांबून बघून गेले. धीर केला तो आप्पांनी. आप्पा म्हणजे घोडनदीच्या काठच्या एका गावातले मोठे बागायतदार. पायाला कुदळ लागली म्हणून पट्टी बदलायला दवाखान्यात येत. व्हरांड्यात राजपुत्राशेजारी बाकावर बसले आणि मला म्हणाले, "बाई, इचारा त्यास्नी, राजाचं धाकलं पोरगं म्हंजी वाटणीला काय येतंय?"

मी विचारलं. तो म्हणाला, "राज्य सगळं थोरल्याचं. मी पुलांच्या फिती कापतो आणि फोटोत मागच्या रांगेत उभा राहतो."

आप्पांना हे काही केल्या पटेना. "आन् जमीन? ती बी न्हाई? मग कोर्टात का गेलं न्हाईत?"

हे इंग्रजीत सांगितल्यावर तो इतक्या मोठ्यानं हसला की आतून नर्स बघायला आली. आप्पांनी तिथल्या तिथे त्याला गावच्या जत्रेचं आवतण दिलं.

जत्रा माघातली. दुपारी कुस्त्या सुरू झाल्या. त्या काळी आखाड्याकडे बायका फिरकत नसत. पण माझ्यावाचून पाहुण्याचं चालणार नव्हतं, म्हणून आप्पांनी त्यांच्या बाजेशेजारी मला खुर्ची टाकून दिली. मी पदर सावरून, छत्री उघडून बसले. हलगी कडाडत होती. राजपुत्र पुढं सरकत सरकत पार मातीच्या कडेला जाऊन पोचला आणि वळून मला म्हणाला, "मलाही खेळायचंय. विचार ना."

लोकांना तेवढंच हवं होतं. कुणीतरी लंगोट आणला. तो आखाड्यात उतरला तेव्हा पिठात घोळून काढल्यासारखा पांढरा दिसत होता, आणि पोरंठोरं शिट्ट्या मारत होती. त्याच्यासमोर जोड म्हणून उतरला आप्पांचा धाकटा भाऊ. पंचक्रोशीत त्याच्या तोडीचा कुणी नव्हता, पण आप्पांपुढे तो मान वर करत नसे.

आप्पांनी त्याला बाजेपाशी बोलावलं आणि बजावलं, "पाव्हणा हाय. राजाचा ल्योक हाय. जरा खेळवायचं आन् पडायचं. काय?"

"व्हय, दादा," तो खाली बघून म्हणाला. त्याचा चेहरा पडलेला मला दिसला, तसाच राजपुत्रालाही दिसला असावा. त्यानं मला विचारलं, "काय सांगितलं त्यांनी?"

माझी पंचाईत झाली. खरं सांगावं तर आप्पांचा अपमान, खोटं सांगावं तर मी कसली दुभाषी? शेवटी सांगून टाकलं.

तो आखाड्यातून चालत बाजेपाशी आला. "त्यांना सांग," तो म्हणाला, "लहानपणी मी आणि माझा भाऊ राजवाड्यात कुस्ती खेळायचो. मी जास्त ताकदीचा. पण मास्तर येऊन माझ्या कानात सांगायचे, तू हर, तो उद्या राजा होणार आहे. मी दर वेळी हरलो. जिंकलो असतो की नाही, हे मला अजून ठाऊक नाही. तुमच्या भावाला खरं खेळू द्या."

मी मराठीत सांगत गेले तशी बाजेभोवतीची माणसं जवळ सरकली. आप्पांनी मिशीवरून हात फिरवला, भावाकडे पाहिलं. मग म्हणाले, "ऐकलंस न्हवं? मग बघतोस काय? हाण!"

हलगी पुन्हा वाजली. मी नीट बघेपर्यंत राजपुत्राचे पाय आभाळाकडे होते आणि पाठ मातीत. तो तसाच पडून हसत राहिला. मग उठला आणि बोटानं खूण केली, आणखी एक. पुन्हा चितपट. तिसऱ्यांदा मात्र त्यानं कंबर अशी धरली की आप्पांचा भाऊ घामाघूम झाला. लोक उभे राहिले. मीही उभी राहून ओरडत होते, आणि कुणाच्या बाजूनं ते मलाच कळत नव्हतं. अखेर राजपुत्रच पडला, पण पडताना आप्पांच्या भावालाही गुडघ्यावर आणून. जिंकल्याचा फेटा बांधताना आप्पांनी भावाला पोटाशी धरलं आणि दुसरा फेटा पाहुण्याला बांधला.

त्यानंतर तो रोज पहाटे सायकलवरून त्या गावच्या तालमीत जाऊ लागला. कान सुजले, मराठी सुधारली. "व्हय" आणि "न्हाई" असं झोकात म्हणायचा की डॉक्टरबाई कपाळाला हात लावत.

जायच्या दिवशी दौंडला पोचवायला आम्ही सगळेच जीपमधून गेलो. आप्पांनी गुळाची ढेप दिली. गाडी हलली तरी त्यांचा भाऊ खिडकीबरोबर चालत त्याला कुठलासा डाव हातवारे करून समजावत होता, आणि तोही आतून हातवारे करत होता. दोघांना माझी गरज नव्हती.

परतताना भीमेचा पूल ओलांडला तरी दोघं भाऊ त्या तिसऱ्या कुस्तीवरून भांडत होते.

"तुझा पाय चुकला," आप्पा म्हणाले.

"न्हाई चुकला, दादा," भाऊ म्हणाला, चांगला मान वर करून. "तुमास्नी तिथनं दिसलंच न्हाई."

डॉक्टरबाई गाडी चालवता चालवता हसत होत्या. मी मागच्या बाकावर पाय पसरले आणि शिरूर येईपर्यंत गाढ झोपले.